मंदे, एकच बॅग आण

निशी-कासाई, तोक्यो
सप्टेंबर अखेर

प्रिय मंदा,

नोव्हेंबरात चौदा दिवसांसाठी इकडे यायची तिकिटं काढलीत हे वाचून उडीच मारली मी. पण पुढच्याच ओळीत सहा स्वेटर, सुरेशरावांचा ड्रायक्लीनला दिलेला लोकरी ओव्हरकोट आणि ऑफर होती म्हणून घेतलेल्या बत्तीस इंची दोन बॅगा! अगं, जपान बघायला येताय की नाशिकचं बिऱ्हाड हलवताय? दुकानदार परत घेत असेल तर बॅगा आजच परत कर. नसेल घेत तर पुतणीच्या लग्नात रुखवत न्यायला होतील.

विमान कंपनी दोन-दोन बॅगा नेऊ देते म्हणून न्यायच्याच असं कुठे आहे? विमानातलं ओझं विमान वाहतं. खाली उतरल्यावर ते सुरेशरावांची कंबर वाहणार, आणि त्या कंबरेचं रडगाणं तूच मला गेल्या दिवाळीत तासभर ऐकवलं होतंस.

पानं लाल व्हायला लागली की आमच्याकडे पाहुण्यांचा मोसम सुरू होतो. गेल्या वर्षी एका काका-काकूंना क्योतोच्या गाडीत बसवून द्यायला गेले होते. आमच्या तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाचीला उतरायचं आणि जमिनीखालच्या वाटांनी चालत तोक्यो स्टेशन गाठायचं. लिफ्ट असते, पण आपण उतरतो त्याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. सकाळची ऑफिसची गर्दी, सगळे मुकाट्याने झपझप चाललेले, आणि मधोमध आम्ही तिघं दोन अजस्र बॅगा ओढतोय. बाहेर चांगला गारवा होता, पण काकांचा शर्ट पाठीला चिकटलेला. त्या बॅगांतल्या चार स्वेटरांची घडीही न मोडता ते परत गेले, हे काकूंनीच नंतर फोनवर सांगितलं.

तुझी ती बत्तीस इंची बॅग टेप घेऊन मोजच. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली, तर तोक्यो-क्योतो शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, सामानाच्या जागेसकट ठरावीक सीट आधी आरक्षित करावी लागते. तशीच चढवली तर १,००० येन भरा. पैशांचं सोड, पण मधल्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात काय काय उतरवशील? हॉटेलची खोली म्हणशील तर बारा-तेरा चौरस मीटरची. पलंग, टेबल, की संपली. एक बॅग उघडली की दुसरी उघडायला पहिली मिटावी लागते.

आता थंडीचं. नोव्हेंबरच्या मध्यावर तोक्यो आणि क्योतोत दुपारी १७ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे ८-९. निफाडचा पारा कुठवर उतरतो ते पेपरात वाचणाऱ्या बाईला मी आणखी काय सांगू? फरक एवढाच, की तिकडे थंडी पडली की आपण शेकोटीजवळ किंवा रजईत, आणि इथे तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर असणार. त्यात पावणेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि गारठा एकदम चढतो.

ओव्हरकोटाचं खरं भांडण थंडीशी नाहीच, ते इथल्या हीटरशी आहे. आगगाडीत सीटच्या खालून गरम हवा येते, पोटऱ्या भाजतात की काय असं वाटतं. दुकानं उबदार, संग्रहालयं उबदार. आत गेलं की घाम, बाहेर आलं की त्याच घामावर वारा. आपला सुती बनियन अशा वेळी वैऱ्यासारखा वागतो, ओला होतो आणि ओलाच राहतो. लोकरीचं तसं नाही. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पिते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि वासही लवकर धरत नाही. म्हणून आत पातळ थर्मल हवं, मेरिनो लोकरीचं मिळालं तर उत्तमच, नाहीतर साधं सिंथेटिक. त्यावर रोजचा कुर्ता किंवा टॉप, त्यावर एक पातळ पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आणि सगळ्यांत वर पिसांचं हलकं जॅकेट, ज्याची गुंडाळी पाण्याच्या बाटलीएवढी होते. ऊब देते ती दोन थरांमध्ये अडकलेली हवा, आणि हवेचं ओझं होत नाही. पाऊस-वाऱ्यासाठी विंडचीटर घे, तो जॅकेटवरून चढेल एवढा सैल असू दे.

थर्मल दोन-दोन जोड पुरे. रात्री एक धुवायचा. हाताने पिळून तो वाळत नाही, त्याची युक्ती सांगते. हॉटेलचा कोरडा टॉवेल पलंगावर पसर, त्यावर ओलं थर्मल पसर, दोन्ही मिळून सुरळी कर आणि जमिनीवर ठेवून तिच्यावर चक्क उभी राहा. टॉवेल ओलाचिंब होतो, थर्मल नुसतं दमट राहतं. मग ते हँगरवर टांगून हीटर चालू ठेवलास की सकाळपर्यंत कोरडं. बाकीच्या कपड्यांना बहुतेक हॉटेलांत नाणी टाकून चालवायची वॉशिंग मशीनं असतात, ड्रायरही. त्यासाठी १०० येनची नाणी साठवत जा. चार दिवसांचे कपडे आणलेस तर चौदा दिवस आरामात जातील. फोटोत रोज तोच स्वेटर दिसेल म्हणतेस? दिसू दे. पानं बघायची सोडून तुझा स्वेटर कोण बघतंय?

साडीबद्दल विचारलंयस. आण, पण एकच, आणि रेशमीच. रेशीम उबदार असतं, फारसं चुरगळत नाही आणि लाल मोमिजीखाली, म्हणजे इथल्या मेपलखाली, उठून दिसतं. परकराच्या आत थर्मलची लेगिंग घाल, ब्लाउजच्या जागी काळा पोलोनेक. इथल्या आपल्या सगळ्या बायका असंच करतात आणि ते दिसतंही झकास. ब्लाउजवर कार्डिगन चढवून पदर कोंबत बसण्यापेक्षा कितीतरी बरं. शाल मात्र नक्की आण, तुझी ती मऊ करडी. विमानात पांघरूण, देवळात मांडीवर, संध्याकाळी मफलर.

सगळ्यांत जास्त डोकं चालव ते बुटांवर. देवळात काढा, जुन्या घरांत काढा, काही खानावळींतही काढा. लेसवाले बूट असतील तर सुरेशराव दुसऱ्या दिवशीच देवळाबाहेर थांबतो म्हणतील. न वाकता पाय सरकेल असे, पण चालायला पक्के, आणि महिनाभर नाशिकमध्ये वापरून मऊ केलेले. इथे येऊन घेऊ असं इतर कशाबद्दलही म्हण, बुटांबद्दल नको. बायकांचे बूट साध्या दुकानात २५ सेंटीमीटरच्या पुढे सहसा मिळत नाहीत, आणि तुझं पाऊल मला ठाऊक आहे! दुसरा जोड नको, हॉटेलात सपाता असतात.

सपाताच कशाला, टूथब्रश, शॅम्पू, कंगवा, बहुतेक ठिकाणी रात्रीचा गाऊनसुद्धा देतात. पाऊस आला तर कोपऱ्यावरच्या दुकानात पारदर्शक छत्री. हात गार पडले तर तिथेच कायरोची पुडी मिळते. त्यात लोखंडाचा कीस असतो, पाकीट फोडलं की हवा लागून तो गंजू लागतो आणि त्याचीच ऊब कित्येक तास पुरते. चिकटवायची असते ती कपड्यावर लाव, कातडीवर नको, भाजतं. यातलं काही तिकडून आणू नकोस.

किटली तर मुळीच नको. इथली वीज १०० व्होल्टची. आपली २३० ची किटली लावलीस तर तिची ताकद पाचव्या हिश्श्यावर येते, चहा होईपर्यंत क्योतो बघून व्हायचं. खोलीत किटली असतेच. मोबाइलचे चार्जर चालतात, पण भोकं दोन चपट्या पट्ट्यांची असतात, तेव्हा अॅडॉप्टर आण. पॉवर बँक हातातल्या सॅकमध्येच ठेव.

आणायचं ते असं, जे इथे मिळणार नाही किंवा मिळालं तरी तुझ्या मापाचं नसेल: चष्म्याचा दुसरा जोड, बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट, तुमची ती चहा पावडर. सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मात्र वाच. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं इथे आणायला बंदी आहे. हातरुमाल भरपूर घे. कित्येक स्वच्छतागृहांत हात पुसायला काहीच नसतं, जो तो आपला रुमाल काढतो. कचऱ्याचे डबेही रस्त्यावर सापडत नाहीत, म्हणून एक पिशवी सॅकमध्ये असू दे.

माझ्यासाठी कढीपत्ता, लिंबं, ओली हळद असलं काही नको, ताज्या भाज्या-फळं तपासणीच्या दाखल्याशिवाय आत येत नाहीत. सुकं खोबरं तर तुमच्याकडचे लोकच चेक-इन बॅगेत घेऊ देत नाहीत, तेलकट असतं, पेट घेऊ शकतं. डाळ, पोहे, मसाले मला घराखाली मिळतात. आणायचाच असेल तर कोंडाजीचा चिवडा आण. वजनाला हलका आहे, जागा खातो म्हणून कुरकुर करू नकोस.

आता कोयासानचं, कारण तिथे जायचंच असं तू ठरवलंयस आणि बरोबर ठरवलंयस. डोंगरावरचं गाव आहे, सुमारे ८०० मीटर उंचीवर, म्हणजे ओसाकापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड. ओसाकाहून आगगाडी, मग दोरावरची खडी केबल कार, मग बस, आणि शेवटी मठाच्या पायऱ्या. तिथे मोठी बॅग नेणं म्हणजे शिक्षा. इथे ताक्क्यूबिन नावाची सोय आहे, १९७६ पासूनची. पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर हे त्या यामातो कंपनीचं चिन्ह. सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पत्ता त्या मुली लिहून देतात, साधारण दुसऱ्या दिवशी ती पुढच्या हॉटेलात हजर. क्योतोहून बॅग ओसाकाच्या हॉटेलात पाठवा आणि एका रात्रीची सॅक घेऊन वर जा. सॅकमध्ये थर्मल, कानटोपी आणि जाड लोकरी मोजे. पहाटेच्या प्रार्थनेला तातामीवर, म्हणजे इथल्या गवती चटईवर, बसायचं असतं, अनवाणी तळवे बधिर होतात. जेवण मठाचं, पूर्ण शाकाहारी, त्यामुळे ती एक रात्र तुला विचारावं लागणार नाही की यात मासा आहे का.

आता एक कर. ऑक्टोबरात एकदा सगळं एका चोवीस इंची बॅगेत भर, चेन लागली की ती उचलून तुमच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याने ने. मध्ये थांबावं लागलं तर उघड आणि काढ. काय काढलंस ते मला कळव, मी खात्रीने सांगेन की ते लागणार नव्हतंच. रिकाम्या जागेची काळजी करू नकोस, परतताना चहाचे डबे आणि किमोनोच्या कापडाने ती आपोआप भरते.

फ्लाइटचा नंबर आणि उतरायची वेळ पाठव. हानेदाला उतरणार की नारिताला, तेही लिही. नारिता असेल तर तुम्हाला बसने आणीन.

तुझी,
वैजू

ता. क. सुरेशरावांचे सगळे मोजे टाच आणि अंगठा बघून निवड. भोकवाला मोजा इथे दिवसातून चारदा चव्हाट्यावर येतो.