यादी मोठ्यानं वाचायची

प्रिय सुनीता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सभेला मोजकीच माणसं आली आणि ‘लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही’ असं तू लिहिलंस, ते काही मला पटलं नाही. मानवी हक्कांवरचं भाषण ऐकायला मजुरी बुडवून कोण येणार गं? पण आपल्या नावावर दुसऱ्यानेच पैसे उचललेत हे कळलं, तर तीच बाई पोराला कडेवर घेऊन येते.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं हेच ओळखलं. १९९४च्या डिसेंबरात कोट किराणा गावात त्यांची पहिली जनसुनवाई झाली. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती आणि हिशेब मागितला की दप्तर बंद. मग त्यांनी मिळवलेले हजेरीपट भर सभेत वाचले. एकेक नाव घ्यायचं, त्यापुढचे कामाचे दिवस वाचायचे, पुढची रक्कम वाचायची आणि थांबायचं. जे कधी कामावर गेलेच नव्हते त्यांची नावं निघाली, मेलेल्यांची निघाली. अर्धवट बांधकामं कागदावर पूर्ण झालेली होती. अक्षरओळख नसलेली माणसं उठून ‘हे खोटं आहे’ म्हणू लागली, कारण आपण किती दिवस राबलो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिथून माहितीच्या हक्कासाठी १९९६चं ब्यावरचं चाळीस दिवसांचं धरणं आणि पुढे २००५चा माहिती अधिकार कायदा. इतका मोठा कायदा मजुरीच्या हिशेबातून उभा राहिला, यानं मला अजूनही भरून येतं.

नावाची भीती सत्तेला सगळीकडेच वाटते. अर्जेंटिनात लष्करी राजवटीनं हजारो तरुण गायब केले. १९७७च्या एप्रिलमध्ये चौदा आया राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. घोळक्यानं उभं राहायचं नाही, चालत राहा, असं पोलिसांनी दरडावलं, तर त्या चौकात फेऱ्या मारू लागल्या. त्याच वर्षी १० डिसेंबरला, मानवी हक्कदिनी, त्यांनी बेपत्ता मुलांची नावं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन छापली आणि त्याच दिवशी त्यांच्यातल्या असुसेना विय्याफ्लोर यांना पळवून नेलं. त्यांच्या अस्थींची ओळख पटली ती २००५ साली. फेऱ्या मात्र त्यांच्यानंतरही थांबल्या नाहीत.

आता तू मागितलेल्या घरकुल योजनेच्या लाभार्थ्यांच्या यादीचं बघू. कार्यालयानं ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून तुला परत पाठवलं, याचा मला खरंच संताप आला. ही पळवाट आता सोपी झाली आहे. वैयक्तिक माहिती नाकारण्याची माहिती अधिकारातली तरतूद २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं फार सैल केली. हजेरीपटावरची नावं उद्या अशीच झाकली, तर जनसुनवाईत वाचायचं काय? पण दोन दारं उघडी आहेत. अनुदानाच्या योजनांमधल्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारनं स्वतःहून जाहीर करायचा असतो, हे कलम ४ सांगतं. आणि जनहिताचं पारडं जड असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) शाबूत आहे. अर्जात दोन्ही कलमं लिही, आणि कागद पाहायची परवानगीही माग. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं.

यादी हाती आली की सभा पारावर घे, मंच वगैरे नको. सरपंच आणि ग्रामसेवकांना रीतसर बोलवा, त्यांना बोलू द्या, मध्ये आरडाओरडा होऊ देऊ नका. शिव्या सुरू झाल्या की गोष्ट हिशेबावरून भांडणावर जाते, आणि भांडणात दांडगाच जिंकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विधवा किंवा एकट्या बाईला पहिल्यांदा उभं करू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत तिलाच राहायचं असतं. आधी चार-पाच जणी एकत्र उठू देत. सभेनंतरचे काही दिवस त्यांच्या घरी कोण जाऊन येणार हेही आधीच ठरवून ठेव. माझ्या मते सभेपेक्षा हे काम मोठं आहे.

अर्जाचा मसुदा तू कर, अपिलाचा मी आत्ताच लिहून ठेवते. वाचायला मला बोलावशील ना? आवाज माझा खणखणीत आहे, माइक मिळाला नाही तरी चालेल. तारीख ठरली की कळव.

तुझी,
मंगल