ओल्ड गोव्यातल्या आंटी, तुम्हाला थँक्यू म्हणायचं होतं

आंटी नमस्कार,

सोलापूरहून लिहितोय. तुमचा नंबर नाही माझ्याकडं म्हणून असं सगळ्यांसमोर, गोव्यातलं कुणीतरी पोचवेलच. बॉम जेजू बॅसिलिका या चर्चच्या दारात माझ्या बहिणीला स्वतःची ओढणी दिलीत आणि वर 'ठेव गो तुलाच' म्हणालात, ते आम्ही. त्याबद्दल थँक्यू आहेच, पण मोठं थँक्यू बाबांसाठी.

बाबांनी अख्खी नोकरी चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची, डिझाईनं काढण्यात घालवली. देवळात गेले तरी आधी खांबावरची नक्षी बघणार, मग देव. आत सगळी गर्दी संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीकडं पळत होती, आम्हीपण निघालोच होतो, तेवढ्यात तुम्ही म्हणालात आधी वेदी बघा, खालून वर. खाली एवढासा बाळ येशू, त्याच्यावर भलेमोठे संत इग्नेशियस, जेझुइट पंथाचे संस्थापक, मग सूर्याच्या चकतीत येशूच्या नावाची तीन अक्षरं आणि एकदम वर पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तुम्ही नसता तर आम्हाला नुसतं सोनं दिसलं असतं, खरं सांगतो.

झेवियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीनं दहा वर्षं खपून केलेला, टस्कनीच्या ड्यूकनं पाठवलेला, १६९८ ला इथं बसवलेला, हे कुठलापण गाईड सांगतो. पण वरची चांदीची पेटी त्याच्या साठेक वर्षं आधीच गोव्यातल्या कारागिरांनी घडवली हे तुम्ही सांगितलंत आणि बाबा एकदम खूश, जणू आपल्याच पेठेतल्या कुणाचं कौतुक चाललंय. बाहेरच्या जांभ्या दगडावरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून भिंती पावसात झिजतायत, हे सांगताना तुम्ही केवढ्या चिडला होतात, बरोबरच आहे की.

टूरवाला म्हणत होता एक चर्च बघितलं की झालं, बसा गाडीत. तुम्ही आम्हाला रस्त्यापलीकडं पाठवलंत, असिसीच्या फ्रान्सिसच्या चर्चमध्ये. आताची इमारत १६६१ ची, आतल्या आधाराच्या भिंतींवर रंगवलेली वेलबुट्टी, वेदीच्या बाजूंना लाकडी फळ्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग, आणि जमिनीत कुळचिन्हं कोरलेली थडगी, पाय कुठं ठेवावा कळंना. वेदीवर गरिबी, नम्रता, आज्ञापालन अशी व्रतं लिहिलेली आणि भोवती सगळा सोन्याचा मुलामा, हे मला काही झेपलं नाही, असो. बाबा मात्र त्या वेलबुट्टीत रिपीट, म्हणजे तीच नक्षी परत कुठं सुरू होते ते, शोधत उभे, कुणाचं ऐकंनात. शेवटी म्हणाले, 'एक पान दुसऱ्याला जुळंना बघ, हे कार्डावर बसायचं न्हाई.' त्यांच्या तोंडून एवढी दाद मी आजवर ऐकलेली नाही ओ.

आता घरी बसून वहीत त्याच वेली काढत असतात आणि मला विचारतात, त्या सोन्याच्या मुलाम्याखाली लाकूड कुठलंय, सागवानच का? मला काय माहीत, तुम्हाला माहीत असेल तर तेवढं कळवा आंटी.