झोपेच्या इंजेक्शनाआधी कारण शोधणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर माझे वडील आपल्या वॉर्डात होते. दिवेलागणीनंतर ते आम्हाला ओळखेनासे झाले, मराठी सोडून केवळ तेलुगूत बोलू लागले आणि उभे आयुष्य सोलापुरातल्या यंत्रमागांवर राबलेले त्यांचे हात चादरीवरचे नसलेले धागे उचलून गाठी मारू लागले. सलाईनची नळीही त्यांना तुटलेले सूत वाटत होती. नातेवाइकांपैकी कोणी वेड लागले म्हणाले, कोणी बाहेरची बाधा म्हणाले. झोपेचे इंजेक्शन द्या, ही मागणी मात्र सर्वांचीच होती. आपण ते दिले नाही, म्हणून हे पत्र.

आपण आधी बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, ऑक्सिजन मोजला, दारूची सवय आहे का हे विचारले. मग तेलुगू जाणणाऱ्या सिस्टरना बोलावून वडिलांना वार उलट्या क्रमाने म्हणायला लावले. ते शनिवारपर्यंत आले आणि पुन्हा धाग्यांकडे वळले. काही तासांत सुरू झालेला, घटकेत कमी घटकेत जास्त होणारा आणि लक्षच टिकू न देणारा हा प्रकार डिलिरियम आहे, स्मृतिभ्रंश असा एका संध्याकाळी येत नाही, हे आपण आम्हाला तिथेच उभ्या उभ्या समजावले. पोट चाचपताच तुंबलेले मूत्राशय आपल्या ध्यानात आले. सर्दीसाठी ते रोज रात्री घेत असलेली क्लोरफेनिरामिनची गोळी उतारवयात मेंदूलाही भ्रमित करते आणि लघवीही अडवते, ही एकाच गोळीची दोन कामे आम्हाला कोणीही कधी सांगितली नव्हती.

नळी घालून लघवी मोकळी झाली, आणि रक्ताचा अहवाल आला तेव्हा 135 ते 145 असायला हवे ते सोडियम 118 होते. रक्तदाबासाठी चालू असलेली, पण सोडियम उतरवू शकणारी हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी आपण त्याच क्षणी बंद केली. 3 टक्के मिठाचे सलाईन पंपावर अगदी सावकाश सुरू केले आणि दर काही तासांनी रक्त तपासत राहिलात, कारण 24 तासांत सोडियम 8 ते 10 अंकांहून अधिक चढले तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. आम्ही घाई करत होतो आणि आपण शांतपणे तेच कारण पुन्हा सांगत होता.

वडील कॉटवरून उतरू लागले तेव्हा आपण ईसीजी पाहून हॅलोपेरिडॉल हे भ्रमातली अस्वस्थता शमवणारे औषध दिले, तेही अवघे अर्धा मिलिग्रॅम. लोराझेपामसारखी झोपेची औषधे दारू सुटल्यामुळे होणाऱ्या भ्रमात उपयोगी पडतात, परंतु अशा वृद्ध रुग्णाचा गोंधळ ती बहुधा वाढवतात, हे आपले म्हणणे मी अनेकांना सांगितले आहे. त्यांचा चष्मा व श्रवणयंत्र घरून मागवणे, रात्री दिवे मंद ठेवणे आणि आईला उशाशी बसून तेलुगूत बोलू देणे हीदेखील आपल्या लेखी औषधयोजनाच होती, आणि मला तिचे मोल फार वाटते.

सोडियम चढत गेले तसे वडील माणसांत आले. डिस्चार्ज कार्डावर आपण त्या दोन्ही गोळ्या पुन्हा देऊ नयेत असे लाल शाईने लिहिले आहे. ते कार्ड आम्ही प्रत्येक तपासणीला सोबत नेतो. मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी
पूर्व भाग, सोलापूर