गोळी बंद करण्याआधी

मा. संपादक, स. न. वि. वि.

अल्झायमरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन काही उपयोग नाही, असा निकाल कालच्या लेखाच्या मथळ्यातच लागलेला होता. मग खाली अर्धं पान कशाला खर्ची घातलंत?

लेखकमहाशयांनी २००४ सालच्या ब्रिटनमधल्या अभ्यासाचा हवाला दिलाय. ५६५ रुग्ण, डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी घेऊनही शुश्रूषागृहात जायचं टळलं नाही. मान्य. पण त्याच देशातला २०१२चा अभ्यास त्यांच्या नजरेतून सुटला, की सोडला? त्यात आजार बराच पुढे गेलेले २९५ जण होते, आधीपासून हीच गोळी घेणारे. काहींची चालू ठेवली, काहींची थांबवली. वर्षभरात चालू ठेवलेल्यांचे स्मृतिचाचणीत तिसापैकी सरासरी १.९ गुण जास्त भरले.

दोन गुणांत काय मोठंसं, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. माझ्या आईची हीच दहा मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांनी "आता कशाला उगाच" म्हणत एका फटक्यात बंद केली. तोवर ती चष्मा स्वतः पुसून स्वतः डोळ्यांवर चढवायची. पाच-सहा आठवड्यांत तो हातात उलटसुलट करत बसायला लागली. एकदा काडी तोंडात घातली. घाबरून गोळी पुन्हा सुरू केली, पण चष्मा काही तिला परत जमला नाही. आजार वाढायचाच होता, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. या गोळीनं मळमळतं, नाडी मंदावते, भोवळ येते, हे मलाही ठाऊक आहे. तसा त्रास असेल तर बंद करावीच. पण आई अजून काय काय करू शकते, हे बंद करण्याआधी कुणी विचारलं नाही हो. "तुम्हाला ओळखतात का?" एवढा एकच प्रश्न, तोही घड्याळाकडे बघत.

तुमचा लेख वाचून काल किती घरांत गोळ्यांची पाकिटं केराच्या टोपलीत गेली असतील, देव जाणे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, हे वाक्य तुम्ही छापलंय खरं, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत.

अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. शेजारच्या चौकटीत मेंदू तल्लख ठेवण्यासाठी शब्दकोडी सोडवण्याचा सल्ला आहे. आणि तुमचं शब्दकोडं इतकं बारीक झालंय की मला भिंग घेऊन बसावं लागतं! पूर्वी आडवे शब्द माझे आणि उभे आईचे असायचे. तेव्हा चौकोन चांगले मोठे असत.

आपली,
एक जुनी वाचक