आमच्या फोन नंबरवर तुमचा वाढदिवस

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार. वाढदिवसाच्या उशिरा शुभेच्छा. तो झाल्याचं आम्हाला स्टँडवरच कळलं, कारण आपला वीस फुटी फ्लेक्स नेमका आमच्या फ्लेक्सवर चढवलाय.

आमच्या वसतिगृहाच्या फ्लेक्सवर एवढंच होतं : ‘उसाला निघालात? लेकरं आमच्याकडे ठेवा. राहणं, जेवण, शाळा मोफत.’ खाली फोन नंबर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यापासून हलू लागतात, दिवाळीनंतर गावं ओस पडतात. आमची जाहिरात चालायची ती या तीन-चार आठवड्यांतच. गेल्या वर्षी अडतीस मुलं आली, यंदा अकरा. बाकीची आता कुठल्या तरी उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळत बसली असतील. परवा एका आईचा कारखान्यावरून फोन आला, “ताई, यंदा बंद केलं का?” काय सांगू तिला? साहेबांचा वाढदिवस होता?

जूनच्या बैठकीत आपणच म्हणाला होतात, छोट्या संस्थांना स्टँडवर जागा मोफत देऊ. टाळ्या मीही वाजवल्या. मग चार अर्ज केले, उत्तर एकालाही नाही. शेवटी पैसे भरून, परवानगीची पावती घेऊन फ्लेक्स लावला. छपाई-चौकटीचे अकराशे गेले, ते आमचे तीन दिवसांच्या भाजीचे. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा कायदा राज्यात १९९५ पासून आहे म्हणे. आपल्या फ्लेक्सवर कार्यकर्त्यांचे बत्तीस फोटो मोजले, परवानगीचा क्रमांक काही सापडला नाही.

आपल्या खात्यानं मदत केलीच नाही असं नाही. ‘संस्थेचं ब्रँडिंग’ या विषयावर कार्यशाळा ठेवली, मुंबईत. रात्रभर एसटीनं गेले. सूट घातलेला एक मुलगा म्हणाला, मॅडम, रीलमध्ये पहिल्या तीन सेकंदांत मुलाच्या डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे. आमची मुलं रडत नाहीत हो, भांडतात, आणि आमटीत डाळ शोधतात. आणि रडली तरी ते विकायचं का? आमची प्रसिद्धी कशी होते ते त्याला सांगायचं राहिलं. टोळी जमवणारा मुकादम मजुरीची उचल (आगाऊ रक्कम) वाटतो त्या दिवशी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, किराणा दुकानात चिठ्ठ्या ठेवायच्या, गेल्या वर्षी राहिलेल्या पोरीच्या आईला सोबत घेऊन वस्तीवर फिरायचं. बाई बाईचंच ऐकते.

देणगीदारांचं मात्र वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजावर खर्च करायला लावलेत. तो पैसा मिळवायला सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरा, देणगीदाराला करसवलत देणारं ऐंशी-जी काढा, लेखापरीक्षण करा, केलं सगळं. मग विचारतात, “इन्स्टाग्रामवर फॉलोअर किती?” राज्यात हजारो कोटी येतात म्हणे, त्यातला रुपया बीडचा घाट चढताना दिसत नाही. ऊसतोड कामगार कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा. चार लाख माणसांचा फरक! एवढी माणसं तुमच्या सभेला कमी आली असती तर चौकशी समिती बसली असती. तुमच्या हयातभराच्या जाहिरातीला सरकारी तिजोरी, आमच्या एका फोन नंबरला भिंतसुद्धा नाही.

शेवटच्या काही टोळ्या अजून निघायच्या आहेत. रविवारपर्यंत फ्लेक्स उतरला नाही तर मी शिडी घेऊन जाईन आणि आपल्या जोडलेल्या हातांखाली जी पांढरी जागा आहे, तिथे आमचा नंबर लिहीन. गुन्हा दाखल करायचा तर १९९५ चा कायदा आहेच.

आपल्याच मतदारसंघातली,
वसतिगृहाची ताई