खाडीवर पूल होऊ द्या, पण पाखाडी बुजवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या पुलांच्या बातम्या सतत वाचायला मिळतात, म्हणून हे पत्र. पूल हवेतच. बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांनी आमच्या किनाऱ्याचे तुकडे केले आहेत. फेरीबोट नसेल तेव्हा समोर दिसणाऱ्या गावाला गाडीने जायचं तर निम्मा दिवस वळशात जातो. ज्यांनी बाळंतीण घेऊन तो वळसा घातला आहे त्यांना पुलाचं मोल मी सांगायला नको. पण या सगळ्यात पायी चालणाऱ्या माणसाचा आणि त्याच्या पाखाड्यांचा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पायवाटांचा, विचार झाल्याचं मला कुठे दिसलं नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही तिघे वेळासहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेलो. तंबू, शिधा, स्टोव्ह पाठीवर. दहा दिवस लागले. मी मूळचा याच रत्नागिरी जिल्ह्यातला, तरीही आपला किनारा आपण पाहिलेलाच नव्हता हे दुसऱ्याच दिवशी कळलं. गाडीच्या रस्त्यावरून समुद्र मधूनमधून दिसतो. पायी जाताना आधी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग खडप म्हणजे खडकाळ किनारा, मग चढण चढून कातळाचा सडा, पुन्हा उतरून नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्यामधून जाणारी जांभ्या दगडाची पाखाडी, असा तो पायाखाली उलगडत जातो.

चालण्याचं वेळापत्रक समुद्राच्या हाती. पहिल्याच धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका वयस्कर खारव्यांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" आम्हाला कुणालाच सांगता येईना. ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते." षष्ठी असेल तर साडेचारला पूर्ण भरती, म्हणजे साडेदहाच्या सुमारास ओहोटी. त्या दिवशी आठ ते एक खुशाल पुळणीवरून चाला, खडपं वळून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र वरचीच वाट धरायची. त्यांच्या या हिशोबावर आम्ही दहाही दिवस काढले, एकदाही अडकलो नाही. हेदवीच्या बामणघळीपाशी मुद्दाम भरतीची वेळ साधून थांबलो. खडकाच्या चिरेत पाणी घुसून वर उसळतं तेव्हा पायाखालचा कातळ हादरल्यासारखा वाटतो.

मुक्कामाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत. पहिल्या रात्री खाऱ्या वाऱ्याने आमचा तंबू दोनदा आडवा केला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून त्या हातभर खोल पुरू लागलो, मग तंबू हलला नाही. पहाटे वारा फिरतो, जमिनीवरून मतलई वारे सुटतात आणि दवाने सगळं चिंब होतं. हे सगळं सोसता येतं, त्यात आनंदही आहे. पण तंबू लावायचा कुठे, हे कुणाला विचारायचं तेच कळत नाही. एका गावात देवळाच्या गुरवांनी सभामंडप उघडून दिला, शेजारच्या घरातून कुळथाची पिठी आणि भात आला. दुसऱ्या गावात रात्री दहा वाजता आम्हाला उठवून जायला सांगितलं. सांगणाऱ्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. सुट्टीत गाड्या घेऊन येणारे, बाटल्या फोडून जाणारे लोक त्यांनी पाहिले आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही, हे अंधारात त्यांना कसं कळावं?

एका रात्री एक कासवमित्र हातात लाल टॉर्च घेऊन आले. त्यांनी आमचा पांढरा हेडलॅम्प बंद करायला लावला आणि तंबू सुरूच्या बनामागे हलवायला सांगितलं. या दिवसांत ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला वर येतात, उजेड दिसला की परत फिरतात, आणि घरट्यातून निघालेली पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे जातात, हे त्यांनी शांतपणे समजावलं. सकाळी पाहिलं तर आमच्या पहिल्या जागेपासून वीस पावलांवर मादी येऊन गेल्याचा माग होता, ट्रॅक्टरच्या चाकासारखा, पाण्यापासून वर आणि पुन्हा पाण्याकडे. तो माग अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की पुळणीवर वाटेल तिथे तंबू ठोकण्याची मोकळीक कुणालाच असू नये, आम्हालाही नको.

म्हणूनच प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने भरतीच्या रेषेपासून आत, सुरूमागे किंवा शाळेच्या पटांगणालगत, चार-पाच तंबूंची एक जागा ठरवून द्यावी. विहीर, शौचालय आणि नाव लिहायला एक वही, एवढं पुरे. पैसे ग्रामपंचायतीला मिळावेत. वेल्स या छोट्या देशाने 2012 मध्ये आपला अख्खा किनारा, सुमारे 1,400 किलोमीटर, एका पायवाटेने जोडला आणि वाटेवर जागोजागी शिंपल्याची खूण लावली. आपल्याला तर वारीची आणि नर्मदा परिक्रमेची सवय आहे. चालणाऱ्याला ओसरी देणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

पण वाटच उरली नाही तर मुक्काम कशाला? दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला आम्ही फेरीबोटीने गेलो, एका लहान खाडीवर तर होडीवाल्याने आम्हाला हाक ऐकून नेलं. पूल झाल्यावर या तरी चालतील का? आणि पुलावर पायी चालणाऱ्याला कठड्याआत जागा असेल का, की ट्रकच्या वाऱ्यात जीव मुठीत धरून जायचं? रस्ता रुंद करताना पाखाडीच्या पायऱ्या मातीखाली गेलेल्या आम्ही दोन ठिकाणी पाहिल्या. एका गावात समुद्राकडे जाणारी पाणंद नव्या मालकाने भिंत घालून बंद केली होती. भिंतीपाशी डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या एक आजी भेटल्या. पूर्वी त्या दहा मिनिटांत बंदरावर पोचायच्या, आता रस्त्याने पाऊण तास लागतो. भिंतीला हात लावून म्हणाल्या, "माझ्या सासूची वाट ही."

शेतरस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. समुद्राकडे जाणाऱ्या या वाटांसाठी सत्तर-पंच्याहत्तरीच्या बायांनी एकेकट्याने दाव्याला उभं राहावं, अशी अपेक्षा धरणं अन्याय आहे. गावनकाशावर पायवाटा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. महामार्गाच्या भूसंपादनाची मोजणी होतेच आहे. त्याच वेळी तलाठी आणि भूमी अभिलेख खात्याने किनाऱ्यावरच्या गावांतल्या पाखाड्या आणि पाणंदी जागेवर जाऊन मोजाव्यात, खुणेचे दगड रोवावेत आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. ज्यांना या वाटा तोंडपाठ आहेत ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. मोजणीदाराबरोबर त्यांना चालवायचं असेल, तर हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू व्हायला हवं.

आपला,
एक वाचक, चिपळूण