कडा करपा आला म्हणजे बियाणे बोगसच, असे नाही

मा. संपादक,

भाताच्या ‘रोगप्रतिकारक’ वाणावर कडा करपा हा जिवाणूजन्य रोग दिसला की बियाणे बोगस असल्याचा निकाल लगेच दिला जातो. कधी तो खराही असतो. पण बऱ्याचदा बियाणे तेच असते आणि शेतातला जिवाणू बदललेला असतो. वाण कोणत्या जनुकामुळे प्रतिकारक आहे आणि जिवाणूच्या कोणत्या स्ट्रेनवर (उपप्रकारावर) तपासला, हे सांगितल्याशिवाय तो दावा अर्धवटच.

या रोगाचा जिवाणू झँथोमोनास ओरायझी पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून किंवा जखमेतून शिरून जलवाहिन्यांत वाढतो. तो भाताच्या पेशींत ‘टाल’ प्रथिने सोडतो. ती डीएनएवर ठरावीक जागी बसून साखर बाहेर काढणारी ‘स्वीट’ जनुके चालू करतात, म्हणजे जिवाणूला आयते खाद्य मिळते. या प्रथिनांच्या मधल्या भागात ३३-३४ अमिनो आम्लांचे तुकडे एकामागून एक येतात आणि प्रत्येकातले १२ वे व १३ वे आम्ल मिळून डीएनएचे एक अक्षर ओळखतात. तुकडे जवळपास सारखेच असल्याने त्यांची अदलाबदल होते, एखादा गळतो, एखादा वाढतो. मग तेच प्रथिन दुसऱ्या जागी जाऊन बसते.

एक्सए-१३ या प्रतिकारक जनुकात स्वीट-११ जनुकाची ही बसण्याची जागाच बदललेली आहे. त्यामुळे त्यावर विसंबलेला स्ट्रेन अडतो. स्वीट-१४ चालू करणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. शिवाय एक्सए-१३ आणि एक्सए-५ अप्रभावी जनुके आहेत, म्हणजे संकरित वाणात ती दोन्ही पालकांकडून यावी लागतात. एका पालकाच्या जोरावर केलेली जाहिरात फसवीच. एक्सए-२१ हे तिसरे प्रतिकारक जनुक जिवाणूचे रॅक्सएक्स पेप्टाइड (छोटे प्रथिन) ओळखते, तेही त्यावर सल्फेट चढलेले असेल तरच. सल्फेट चढवणारे जनुक बिघडले की जिवाणू निसटतो. एक्सए-२१ रोपावस्थेत दुबळे असते. म्हणून रोपवाटिकेतल्या रोगावरून वाणाला नापास करू नये.

तपासणी अवघड नाही, पण ती चुकते खूप. २८ अंशांवर दोन-तीन दिवस वाढवलेल्या जिवाणूचे मिलिलिटरला सुमारे १०० कोटी पेशींचे द्रावण करायचे, त्यात कात्री बुडवून पानांचे शेंडे छाटायचे आणि १४ व्या दिवशी चट्ट्याची लांबी मोजायची. साधारण ५ सेंमीपर्यंत प्रतिकारक, १५ च्या पुढे बळी पडणारा. सोबत हमखास बळी पडणारा वाण हवाच. तो नसेल आणि प्रयोगशाळेत वारंवार उपसंवर्धन केल्याने (एका माध्यमातून दुसऱ्यात वाढवल्याने) जिवाणूची मारकता घटली असेल, तर सगळेच वाण प्रतिकारक ठरतात! एकाच स्ट्रेनवर केलेल्या चाचणीलाही मोल नाही. निरनिराळ्या भागांतले, चालू हंगामातले स्ट्रेन घ्यावेत.

एक्सए-५, १३ आणि २१ एकत्र असलेले वाण जास्त टिकतात, कारण जिवाणूला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतात. मात्र नत्र जास्त झाले किंवा लावणीआधी रोपांचे शेंडे छाटले, तर जिवाणूचे काम सोपे होते.

तक्रार करायचीच असेल, तर आधी ताज्या चट्ट्याच्या कडेचा तुकडा कापून स्वच्छ पाण्यात धरावा. दुधट धार निघाली तर जिवाणू असण्याची शक्यता दाट. प्रयोगशाळेला पाने कागदी पाकिटात, बियाण्याच्या नमुन्यासह द्यावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजतात आणि दुसरेच जिवाणू वाढतात.

– वनस्पतिरोगशास्त्राचे काही अभ्यासक